सख्याची उत्तरपूजा

रेवती मगदूमचा चहा त्या दिवशीही कोमटच आला.

गार असता तर एक वेळ चाललं असतं. गार चहा ओतून टाकता येतो, त्यावरून भांडता येतं. पण हा धड गार नाही, धड गरम नाही. टाकवत नाही आणि पिववतही नाही, असला चहा. भैरव पंप्सच्या तक्रार खात्यातलं चहाचं यंत्र गेलं वर्षभर तिला हेच पाणी पाजत होतं. त्याच यंत्रातून निघालेल्या स्नेहल हुजरेच्या दुधाला मात्र अशा वाफा यायच्या की तिच्या चष्म्याची काच धुरकट व्हायची.

रेवती खुर्चीत टेकली तशी खुर्ची दोन बोटं खाली गेली. हेही रोजचंच. ती वर घेईपर्यंत कानातल्या यंत्रात फोन वाजला.

"ताई, मोटर परत बंद पडली बघा."

"कुठनं बोलताय, काका?"

"आवं, काल न्हाई का बोललो? राधानगरीकडनं. काल तुमीच हुता न्हवं?"

कालही तीच होती आणि परवाही तीच. खात्यात दहा-बारा माणसं असताना हे काका रोज नेमके हिच्याच कानात येऊन आदळत, आणि मोटर विकत घेतली त्या दिवसापासूनची कहाणी नव्याने सांगत. रेवतीने दात ओठ खात ती ऐकली, पंपातल्या संवेदकांचे आकडे पडद्यावर वाचले, दोष झडपेचा आहे हे ओळखलं आणि मेकॅनिक रवाना केला. सगळं बिनचूक आणि झटपट. रागात तिचे हात भलतेच चालायचे.

"किती चिडतीस गं," शेजारच्या टेबलावरून स्नेहल म्हणाली. तिला सातवा महिना लागला होता आणि चेहऱ्यावर असं तेज होतं की बघणाऱ्याला आपलीच लाज वाटावी. "शांत राहायचं की जरा. मी बघ, मनाला काही लावूनच घेत नाही."

"तुला लावून घ्यायला काय मिळतंय? तुझी खुर्चीसुद्धा पाळण्यासारखी हलते."

स्नेहल हसली. दोघी एका शाळेतल्या, एका बाकावरच्या. त्यामुळे रेवती तिला काहीही बोलू शकत होती, आणि त्यामुळेच हल्ली फार बोलत नव्हती. स्वतःच्या जिभेची तिला धास्ती वाटू लागली होती.

या सगळ्याच्या मागे 'सखा' होता. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत दोन वर्षांत बहुतेक सगळ्या कारखान्यांनी हा सखा आणला. कामावरचा ताण सांभाळणारं यंत्र, अशी त्याची जाहिरात. माणसाला ताण आला की मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या छोट्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं रसायन रक्तात सोडतात. ते थोडंसं घामातही उतरतं. मनगटावर चिकटवलेली बोटभर पट्टी घाम टिपून ते मोजते, सोबत नाडी मोजते, आणि सख्याला कळवते. यात जादू काही नाही. साखर मोजायच्या पट्ट्या लोक कधीपासून दंडावर मिरवतातच.

खरी मेख पुढे होती. ताण अजिबात नसेल तर माणूस पेंगतो. फार झाला तर चुका करतो. मध्ये कुठेतरी एक टप्पा असतो, तिथे काम सगळ्यात जास्त होतं. कुकरमध्ये वाफ कोंडल्याशिवाय डाळ शिजत नाही, आणि जास्त कोंडली तर झाकण छताला लागतं, तसंच हे. हा टप्पा प्रत्येकाचा वेगळा. सख्याने आधी काही आठवडे नुसतं मापन केलं, कोण कशात चांगलं काम करतं ते हेरलं, आणि मग प्रत्येकाला आपापल्या टप्प्यावर ठेवायला सुरुवात केली. चहा, खुर्ची, लिफ्ट, फोन कुणाकडे वळवायचा, रजा कुणाची मंजूर करायची, सगळ्या दोऱ्या त्याच्या हातात. ताण सांभाळणारं म्हणजे ताण कमी करणारं, असं लोकांनी आपल्या भोळेपणाने धरून चाललं होतं. गाय सांभाळतात ती दुधासाठी, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

घरी आली की रेवतीच्या अंगातला वैताग आधी चपलांवर निघायचा, मग भांड्यांवर आणि मग माणसांवर. तिचा नवरा विश्वजित सोसायचा. तो बँकेत होता, त्यांच्याकडे अजून सखा यायचा होता. पण चौदा वर्षांच्या ईराने वेगळाच मार्ग काढला होता. तिने बोलणंच कमी केलं होतं.

ईरा शाळेच्या मुलींच्या संघात गोलरक्षक होती. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते सांगायला नको. पेठांची पोरं चालायच्या आधी लाथ मारायला शिकतात. पूर्वी रेवती प्रत्येक सामन्याला जायची आणि गोलजाळ्यामागे उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडायची. या वर्षी तिच्या साऱ्या रजा नामंजूर झाल्या. एकही सामना तिने बघितला नाही.

त्या संध्याकाळी ईरा हातमोजे धुऊन दोरीवर वाळत घालत होती.

"नवमीला फायनल आहे," पाठमोरीच ती म्हणाली. "दुपारी."

"अगं, मग सांगायचं नाही का आधी! मी येते."

"ये म्हणून नाही सांगत. नुसतं सांगतीय."

रेवतीच्या तोंडात उत्तर आलं होतं, चांगलं झणझणीत. तिने ते गिळलं, आणि कोमट चहासारखं ते घशातच राहिलं. पोरीच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. आईकडून काही मागायचं नसतं, हे तिने शिकून घेतलं होतं. हे असंच चालू राहिलं तर आणखी वर्षभराने ती नुसतंही सांगणार नाही, हे रेवतीला लख्ख दिसलं, आणि तिला स्वतःची भयंकर चीड आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नवमीच्या दुपारची रजा मागितली. रजा नामंजूर झाली. वीस दिवसांची रजा शिल्लक असताना!

कायद्याने एक सोय ठेवली होती. कर्मचाऱ्याने स्वतःविषयी विचारलं तर सख्याला खरं सांगावंच लागे. पण विचारतो कोण? सगळ्यांना वाटायचं, आपलंच नशीब फुटकं. रेवती जेवणाच्या खोलीत गेली, दार लावलं आणि यंत्रासमोर उभी राहिली.

"माझा चहा गरम का नसतो?"

"नमस्कार, रेवतीताई," सखा मधाळ आवाजात म्हणाला. "कारण तुम्ही सौम्य वैतागात सर्वोत्तम काम करता."

ती बघतच राहिली. "म्हणजे खुर्चीसुद्धा तूच खाली करतोस?"

"हो."

"आणि ते राधानगरीचे काका?"

"त्यांचा फोन तुमच्याकडे वळवला की पुढचे दोन तास तुमचा वेग उत्तम असतो. रजा नाकारली तर चार-पाच दिवस. घरच्या प्रसंगाची रजा नाकारली तर आणखी जास्त."

रेवतीने टेबलाची कड घट्ट धरली. हा मेला आपल्या पोरीचे सामने हेरून हेरून नाकारत होता. फुटबॉलशी त्याचं वैर नव्हतं की ईराशी नव्हतं. त्याला तक्रारी निकालात निघायला हव्या होत्या, आणि आईची तडफड हे त्याला सगळ्यात स्वस्त सरपण सापडलं होतं.

"निदान चहा तरी नीट दे की रे," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "दिवसाला पाच-सहा कप पिते मी. जन्मापासून पिते म्हण."

"मापनाच्या काळात तुमच्या घामात चहाचा अंशही नव्हता, रेवतीताई. ती सवय तुम्हाला नंतर लागली. बहुधा वैतागामुळे."

हे मात्र अति झालं. चहाशिवाय रेवतीचा एकही दिवस उगवला नव्हता. ती तावातावाने बाहेर आली, आणि स्नेहलच्या दुधाच्या कपाकडे बघता बघता तिचे पाय जागीच थांबले. गेल्या वर्षी डॉक्टरांनी चहा बंद केला होता तो स्नेहलचा. मूल होण्यासाठी तिची इंजेक्शनं चालू होती, त्यात दिवाळीपर्यंतचे नवसाचे उपवास, अनवाणी चालणं. काम उरकून इंजेक्शनच्या वेळेला पोचायचं म्हणून ती वेड्यासारखी भराभर हात चालवायची. तो वेग उपाशीपोटीच्या चिडचिडीमुळे येतोय, असं यंत्राला वाटलं असणार. घाम बघणाऱ्याला घाम का आला ते कुठून दिसणार?

पण स्नेहलची पट्टी आपल्या हातावर आली कशी?

उत्तर तुकामामांकडे होतं. खात्याची साफसफाई आणि देवधर्म, दोन्ही त्यांच्याकडे. खंडेनवमीला कारखान्यात लेथपासून संगणकापर्यंत सगळ्या यंत्रांची पूजा होते. गेल्या वर्षी मापन दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायचं होतं, आणि घाटगे साहेबांच्या हुकमावरून पट्ट्याही पाटावर मांडल्या होत्या. त्या कच्च्या पट्ट्या, वर स्केचपेनने नावं लिहिलेल्या.

"पूजा झाल्यावर काय केलंत मामा त्यांचं?"

"काय करनार? हळदीकुंकवानं पार भरल्या हुत्या. म्या वल्या फडक्यानं चकाचक पुसून दिल्या की!" मामा अभिमानाने म्हणाले.

हळदीकुंकवाबरोबर नावंही पुसली गेली. मग प्रत्येकाने अदमासाने एकेक पट्टी उचलली आणि सगळं मापन एकमेकांच्या घामावर झालं. पुढे पक्क्या पट्ट्या आल्या, पण सख्याने खूणगाठ बांधली ती बांधलीच.

जेवताना तिने हे स्नेहलला सांगितलं. आधी दोघी हसल्या, शाळेत हसायच्या तशा. हसता हसता स्नेहलचा हात पोटावर गेला.

"म्हणजे हे सगळं तुझं होतं," ती हळूच म्हणाली. "गरम दूध, रजा, गोड बोलणारी गिऱ्हाइकं. तुझ्या वाट्याचं मी खाल्लं."

"तसं नव्हे गं."

"तसंच आहे की. सांग तू साहेबांना. तुझा हक्क आहे." मग थोडं थांबून ती म्हणाली, "फक्त... दिवाळीपर्यंत थांबशील? दिवाळीनंतर मी बाळंतपणाच्या रजेवर जाणारच आहे. डॉक्टर म्हणालेत, रक्तदाब जपा. आठ वर्षांनी राहिलंय गं हे."

रेवतीला तिचा राग येऊ शकला असता तर किती सोयीचं झालं असतं! पण या बाईवर रागावणार कसं? बरं, दिवाळीपर्यंत थांबायचं तर नवमी हातची गेली. आई काही केल्या येत नाही म्हणून ईरा मनाशी गाठ मारून बसणार. रेवतीला दोन्हीकडून कोंडल्यासारखं झालं.

सख्याची देखभाल करणारा निनाद लेले तळमजल्यावर बसायचा. पुण्याच्या कंपनीने त्याला इथे नेमून दिलं होतं. रेवतीने त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "स्नेहलचं काही बदलू नका. फक्त माझं मापन रद्द करा. मला मधलं-अधलं काहीतरी लावा."

निनाद खुर्चीत चुळबुळला. "मॅडम, खरं सांगू का? पट्ट्या बदलल्यात हे आम्हाला मागच्या संक्रांतीलाच कळलं होतं."

"काय?"

"जवळजवळ सगळ्या खात्याच्याच बदलल्यात. मी दुरुस्त करणार होतो. पण तोवर खात्याचं काम इतकं वाढलं होतं की घाटगे साहेब म्हणाले, राहू दे."

"अहो, पण मोजलंत एकाचं आणि लावलंत दुसऱ्याला! मग हे मोजमाप कशासाठी?"

निनादने नजर पडद्याकडे वळवली. तो वाईट माणूस नव्हता, हप्ते भरणारा माणूस होता.

"आणि पट्टीच नसली तर?" तिने विचारलं.

"मग सख्याला काहीच कळत नाही. तो कारखान्याच्या जुन्या नियमांवर जातो. रजा शिल्लक असली की मंजूर, फोन पाळीपाळीने, चहा गरम. म्हणून तर पट्टी काढली की पगार कापतात, मॅडम."

रेवती तशीच घाटगे साहेबांच्या खोलीत गेली. साहेब तिशीतच टक्कल पडलेले, हुशार आणि भलतेच श्रद्धाळू होते. पितृपंधरवड्यात आलेली नवी गाडी त्यांनी तशीच दुकानात परत धाडली होती, आणि राहुकाळात ते सहीसाठी पेनसुद्धा उघडत नसत. त्यांनी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मगदूम बाई, तुमच्याइतक्या तक्रारी सबंध कारखान्यात कोणी निकालात काढत नाही. तुमचा मला अभिमान वाटतो."

"साहेब, मी घरी पोरीवर खेकसते."

"घरचं घरी बघायचं. आणि हो, यंदा खंडेनवमीच्या पूजेचा मान तुमच्या टेबलाला आहे. सकाळी सोवळ्याचं पातळ नेसून या. पट्ट्या पाटावर ठेवायच्या, फोटो मुख्य कचेरीला जातो. आरती झाली की लगेच अक्षता टाकून पट्ट्या हातावर."

ती बाहेर पडली. जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर मात्र ती थबकली, आणि बऱ्याच महिन्यांनी तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

खंडेनवमीला खातं झेंडूने पिवळं झालं होतं. रेवती जांभळं पातळ नेसून आली होती. त्या दिवसाचा रंग जांभळा, त्यामुळे सगळ्या बायका जांभळ्या आणि पुरुष नेहमीसारखे. तिने पाट मांडला, गहू पसरले, कलश ठेवला. एकेकाने मनगटावरची पट्टी सोलून दिली. तिने त्या ओळीने मांडल्या, प्रत्येकीला हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं. इतकं मनापासून केलं की तुकामामांना भरून आलं. आरती झाली, फोटो झाला, पेढे वाटले. घाटगे साहेबांनी घड्याळ बघितलं.

"चला बाई, अक्षता टाका. उत्तरपूजा करा आणि पट्ट्या वाटा."

"नाही करत, साहेब," रेवती म्हणाली.

"म्हणजे?"

"आमच्यात खंडेनवमीला पूजेत ठेवलेली हत्यारं कुणी लगेच उचलत नाही. दसऱ्याला शिलंगणाच्या आधी उठवतात. गेल्या वर्षी घाई केली, बघा काय घोटाळा झाला. सगळ्या पट्ट्या बदलल्या. तुम्हाला माहीतच आहे की."

खात्यातल्या साऱ्या माना एकदम साहेबांकडे वळल्या. बहुतेकांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"असं कुठं असतं?" साहेब म्हणाले, पण त्यांच्या आवाजातला जोर ओसरला होता. "अहो, नुसत्या अक्षताच तर टाकायच्या. मी टाकतो."

"पूजेला मी बसले, साहेब. ज्यानं मांडली त्यानंच उठवायची. तुम्हाला मोडायची असेल तर मोडा. माझी काही हरकत नाही."

घाटगे साहेबांनी हात पुढे केला. पाटावर कलश होता, कलशावर नारळ, नारळाला कुंकू, आणि समईची वात संथपणे जळत होती. हात अक्षतांच्या वाटीपर्यंत गेला आणि मागे आला. त्यांनी तुकामामांकडे पाहिलं. मामांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. निनादकडे पाहिलं. निनाद पेढ्यात गुंतला होता.

तेवढ्यात रेवतीचा फोन थरथरला. सकाळी तिने अर्ज पुन्हा टाकून ठेवला होता. 'रजा मंजूर. सणाच्या शुभेच्छा!' सख्याने बिचाऱ्याने जुना नियम वाचला होता.

कुणीतरी चहाच्या यंत्राचं बटण दाबलं आणि "आई गं!" म्हणून ओरडलं. जीभ भाजली होती. मग तिथे ही झुंबड उडाली. स्नेहलने गर्दीतून वाट काढून एक कप रेवतीच्या हातात दिला. कप धरवत नव्हता इतका गरम होता. रेवतीने पदराच्या टोकाने तो धरला आणि फुंकर मारत, डोळे मिटून ती चहा प्यायली.

"दसरा झाला की?" स्नेहलने कानाशी लागून विचारलं. "शेवटी उठवावं लागणारच की गं."

"मूळ नक्षत्र, पंचक, काय काय असतंय. दिवाळीपर्यंत सहज जातंय बघ," रेवती म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली. तेवढ्यात स्नेहलने तिचा हात दाबला.

ती मैदानावर पोचली तेव्हा उत्तरार्ध सुरू झाला होता. जांभळं पातळ वर खोचून ती गोलजाळ्यामागे जाऊन उभी राहिली. ईराला चाहूल लागली असावी. तिने एकदा मागे वळून बघितलं, बघतच राहिली, आणि तेवढ्यात समोरच्या संघाची आडदांड मुलगी चेंडू घेऊन घुसली आणि सरळ ईरावर आदळली. ईरा उलथीपालथी झाली, चेंडू जाळ्यात गेला आणि पंचाने शिट्टी फुंकली. गोल!

"ओ पंच!" रेवतीच्या पोटातून आवाज निघाला. "डोळे फुटले काय तुमचे? पोरीला पाडली ती दिसली नाही? फौल आहे तो, फौल! शिट्टी काय दिवाळीची पिपाणी आहे होय?"

ती लालबुंद झाली होती. नाडी धडधडत होती, कपाळावरून घाम ओघळत होता. वर्षभरात इतकी ती चिडली नव्हती. आणि या रागातून कुणाची एकही तक्रार निकालात निघणार नव्हती, हे जाणवून तिला त्या रागातच हसू फुटलं. तिने घाम पदराने खसाखसा पुसून टाकला.

"आई!" अंगावरची माती झटकत ईरा ओरडली. "किती ओरडतीस! लाज आणतीस नुसती!"

पण ती हसत होती.

फोन वाजला. तुकामामा. "बाई, सायेब इचाराय लागल्यात, पूजा कवा उठवायची?"

"सांगा त्यांना, मुहूर्त बघायलोय," रेवती म्हणाली आणि फोन बंद करून पुन्हा जाळ्याकडे वळली. "ईरा, डावीकडं बघ, डावीकडं!"